जंगल लाइनीचे रूळ

धुरपता लाइनीच्या कडेलाच वाढली. सौंदडच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांच्या म्हणजे खाचरांच्या मधोमध, छोट्या लाइनीचं, अरुंद रुळांच्या रेल्वेचं, एक बारकं स्टेशन होतं. टिनाच्या छपराची एक खोली, एक कडुनिंब आणि पाण्याचा हौद, एवढंच. लाइन टाकली गेली तेव्हा तिचा बाप मातीकामावर होता. लाइन झाल्यावर कंपनीने त्याला गँगमध्ये ठेवून घेतलं. बाप गेला तेव्हा मोठा भाऊ सेवकराम त्याच्या जागी लागला आणि पुढे मुकादम झाला.

मुकादम म्हणजे गँगचा म्होरक्या. आपल्या वाट्याला आलेल्या लाइनीवर रूळ सरळ आहेत का, रुळांखालचे लाकडी सिलपाट शाबूत आहेत का, गिट्टी नीट भरली आहे का, हे सगळं त्याच्याकडे. सेवकराम कमी बोलणारा माणूस. गँगमधल्या कोणाला तो शिवी देत नसे आणि कोणाला जवळही करत नसे. त्याची बायको रुख्मा मात्र मायाळू होती. तिला दोन लेकरं झाली आणि दोन्ही बाळंतघरातच गेली. त्यानंतर तिची कूस पुन्हा उजवली नाही.

धुरपताचं लग्न सेवकरामनेच जमवलं, आपल्याच गँगमधल्या कवडूशी. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, चालवण्यात कवडूच्या तोडीचा माणूस गँगमध्ये नव्हता, आणि तोंड चालवण्यातही नव्हता. तो सगळ्यांची नक्कल करी. साहेबाची करी, बाबूची करी, मुकादमाचीही करी. गँग हसे. सेवकराम हसत नसे. मुलगी वच्छला झाली तेव्हा कवडूने गँगला गूळ वाटला आणि मुकादमाच्या हातावर खडा ठेवत म्हणाला, "मुकादम, आज तरी दात दाखव." तेव्हा सेवकराम थोडा हसला होता, असं धुरपता सांगे.

ही गोष्ट एकोणीसशे पंचवीसच्या आसपासची. तोवर लाइन जुनी झाली होती. सिलपाट वरून धड दिसत, पण सब्बलीचं टोक लावलं की आतून भुसा निघे. खिळे धरत नव्हते. सकाळी ठोकलेला खिळा संध्याकाळी हाताने निघे. नवे सिलपाट येणार, नवे रूळ येणार, असं दर पावसाळ्याआधी ऐकायला मिळे. पावसाळा येई आणि जाई.

एका हिवाळ्यात ते खरंच आले. मालगाडीने सरईच्या लाकडाचे सिलपाट उतरवले, मग रूळ उतरवले. स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत थप्प्या लागल्या. ओल्या लाकडाचा वास गावापर्यंत येत होता. गँगची माणसं थप्प्यांवर हात फिरवत फिरली. सेवकरामने तर एका सिलपाटाला वाकून नाक लावलं.

दोन-तीन दिवसांनी कळलं की यातला एकही तुकडा जुन्या लाइनीसाठी नव्हता. कंपनी स्टेशनापासून एक नवी लाइन फोडून जंगलात नेणार होती. जंगलात सागवान होता, बांबू होता. तो मालगाडीत भरून मोठ्या लाइनीपर्यंत पोचवायचा होता.

दुपारच्या सुट्टीत कडुनिंबाखाली गँग जेवायला बसली तेव्हा हाच विषय निघाला. बाया भाकरी घेऊन आल्या होत्या. धुरपता कवडूच्या शेजारी वच्छलाला मांडीवर घेऊन बसली होती.

सेवकराम म्हणाला, "घरावरचे कवेलू फुटले असताना कोनी वसरी वाढवते का? पयले घर शाकारा म्हना."

"कंपनीले वसरीतून पैसा येते," कवडू म्हणाला. "कवेलूतून काय येते?"

"गाडी पडन एक दिवस."

"पडली त उचलतील. पन नवी लाइन म्हनजे नवी गँग, अन् नवी गँग म्हनजे नवा मुकादम. अठी त मले तू मरेपर्यंत वाट पाहा लागन."

सगळे हसले. सेवकरामने भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि लाइनीकडे बघत चावत राहिला.

त्याच आठवड्यात ट्रॉलीवर बसून कचेरीतला बाबू आला. कंपनीचा हुकूम असा होता की नव्या लाइनीसाठी बाहेरून माणसं आणायची नाहीत, जुन्याच गँगमधून घ्यायची. बाबू गोंदियाचा होता, हिंदीत बोलायचा. "हर गैंग से आधे आदमी जाएँगे," तो म्हणाला. "कल सुबह नाम बोल देना, मुकादम."

त्या संध्याकाळी कवडूने घरी येऊन सांगितलं की मी स्वतःच जाणार आहे. धुरपताने त्याला खूप समजावलं. जंगलातला ताप सगळ्यांना माहीत होता. तिकडे लाकूड तोडायला गेलेली माणसं पोट फुगून आणि डोळे पिवळे होऊन परत येत. कवडू म्हणाला, "ताप का अठी नाई? अठी जन्मभर सडके सिलपाट ठोकत राहू का?" तेव्हा ती वच्छलाला कडेवर घेऊन भावाच्या घरी गेली.

सेवकराम ओसरीवर बसला होता. ती दारातच उभी राहिली.

"दादा, त्याचं नाव नोको सांगू."

"तो सोताच जातो म्हनते."

"म्हनू दे. मुकादम तू आहेस. तू नाव नाई घेतलं त तो कसा जाईल?"

"उद्या गँग म्हनन, जवायाले ठेवलं अन् आमाले धाडलं."

"म्हनू दे ना गँगले! गँग का तुले पोसते?"

"मले त्याइच्यासंगच काम करा लागते, धुरपते."

रुख्मा आतून दिवा घेऊन आली आणि मध्येच थांबली. धुरपता तिच्याकडे वळली. "वयनी, तू सांग ना त्याले."

रुख्मा नवऱ्याला म्हणाली, "लेकराकडे पाहा. बाकीचं राहू द्या."

सेवकराम उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळ्यांत आधी कवडूचंच नाव घेतलं. गँगमध्ये त्याची वाहवा झाली. आपल्या माणसाला झुकतं माप न देणारा मुकादम, असं लोक म्हणू लागले. पण रुख्माला आणखी एक गोष्ट माहीत होती, आणि ती तिने पुढे पुष्कळ वर्षांनी धुरपताला सांगितली. आदल्या रात्री अंथरुणावर पडल्यावर सेवकराम म्हणाला होता, "गेला त जाऊ दे. कान तरी शांत होतील माजे."

धुरपता नवऱ्याबरोबर गेली. मातीकामाला बाया लागतच होत्या. वच्छला तेव्हा नुकती बोबडं बोलू लागली होती. तिला जंगलात न्यायचं धुरपताच्या मनात नव्हतं, म्हणून तिने तिला रुख्माकडे ठेवलं. "दिवाळीले येऊन नेतो," असं ती म्हणाली. निघताना लेकरू झोपलेलं होतं. ते बरंच झालं, असं तिला वाटलं.

जंगलातलं काम असं होतं. पुढे झाडं तोडणारे, त्यांच्या मागे माती टाकणारे, त्यांच्या मागे सिलपाट आणि रूळ टाकणारे. लाइन पुढे सरके तशा झोपड्या पुढे सरकत. कवडू रूळ टाकणाऱ्यांत होता आणि खरंच खूश होता. साहेबाने त्याचं काम पाहून त्याला एका टोळीवर नेमलं होतं. संध्याकाळी तो धुरपताला ताजी लाइन दाखवायला नेई. "पाहा, कशी सरळ आहे," म्हणे. "सेवकरामच्या लाइनीवर असा एक तरी तुकडा आहे का?"

लाइनीसाठी माती काढलेले खड्डे दोन्ही बाजूंना राहत. पाऊस लागला की ते भरत आणि त्यांत डास होत. पहिल्या पावसाळ्यातच ताप सुरू झाला. कंपौंडर कुनैनच्या गोळ्या वाटे, पण त्या सगळ्यांना पुरत नसत. दिवाळी आली तेव्हा धुरपता स्वतःच तापाने पडली होती. उठली तेव्हा कामाची घाई सुरू झाली होती. उन्हाळ्यात जाऊ म्हटलं, तर उन्हाळ्यात एका नाल्यावरचं काम निघालं. दुसरा पावसाळा आला.

श्रावणात कवडूला थंडी वाजून ताप आला. तसा तो आधीही दोनदा येऊन गेला होता, म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पण या वेळी लघवी काळी झाली. कंपौंडरने बघितलं आणि गोळ्यांची पुडी परत खिशात टाकली. कवडूचे डोळे हळदीसारखे झाले होते. शेवटच्या दिवशी तो शुद्धीवर होता. धुरपता त्याला पेज पाजू लागली तर म्हणाला, "माजी टोळी कोनाच्या हाती दिली?"

"तुमी बोलू नोका."

"सांग ना, कोनाच्या हाती दिली?"

तिला ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, "कोनाच्याच नाई. तुमचीच आहे." त्याला ते बरं वाटलं. दिवस मावळायच्या आत तो गेला.

लाकडं ओली होती, जाळणं शक्य नव्हतं. लाइनीच्या भरावाच्या पायथ्याशी त्याला पुरलं. धुरपताने वर एक मोठा दगड ठेवला. त्याच पावसाळ्यात त्या भरावाच्या कडेने आणखी पुष्कळ माणसं पुरली गेली. झोपड्या पुढे हलल्या आणि ती जागा मागे पडली.

कवडू गेल्याची बातमी गिट्टीच्या गाडीवरच्या माणसाने सेवकरामला सांगितली. रुख्मा रडून त्याला म्हणाली, "जा, बहिनीले घेऊन ये." तो म्हणाला, "जातो." पण त्याची गँग अर्धी झाली होती. उरलेल्या माणसांतले दोघं पडून होते. जुनी लाइन त्या पावसात जागोजागी खचत होती आणि तो रोज सकाळी सब्बल घेऊन निघे, संध्याकाळी चिखलाने माखून येई. आज जातो, उद्या जातो, करत राहिला. गेला नाही.

धुरपता जंगलात त्याची वाट बघत राहिली. भाऊ येईल, या आशेवर तिने पहिले काही आठवडे काढले. मग आशा सोडली आणि टोपलं उचललं. आपण होऊन परत जावं, असंही तिला वाटलं नाही. कोणत्या तोंडाने जायचं, आणि ज्याने नाव घेतलं त्याच्याच दारात कशाला जायचं, असं तिच्या मनात होतं. लेकराची आठवण येई तेव्हा ती टोपल्यात जास्त माती भरून घेई.

लाइन पुरी झाली तेव्हा पहिल्या गाडीच्या इंजिनाला आंब्याची पानं आणि झेंडूचे हार बांधले. सागवानाचे ओंडके लादलेल्या डब्यांमागे मजुरांसाठी एक उघडा डबा लावला होता. धुरपता त्यात बसून परत आली.

स्टेशनवर सेवकराम हिरवी झेंडी घेऊन उभा होता. ती उतरली. त्याने तिच्या रिकाम्या कपाळाकडे, मोकळ्या हातांकडे पाहिलं.

"मले येता नाई आलं, धुरपते," तो म्हणाला. "लाइन सोडून येता येत नव्हतं."

"हाव," ती म्हणाली आणि त्याच्या बाजूने निघून गेली.

घराच्या दारात रुख्मा होती. तिच्या लुगड्यामागे एक मुलगी लपली होती. केसांना तेल, अंगात धुतलेला झगा, पायात काळा दोरा. मुलीने रुख्माचा पदर ओढून विचारलं, "माय, हे बाई कोन आहे?"

रुख्माने मुलीला मागे ओढलं. तिने धुरपताकडे पाहिलं. ती नजर लेकरू जाण्याच्या भीतीची होती, आणि धुरपताने ती ओळखली.

"आत्या आहे तुजी," धुरपता म्हणाली.

आत गेल्यावर रुख्माने तिच्यापुढे पाणी ठेवलं आणि हळूच विचारलं, "नेशील का तिले?"

"कोठी नेऊ? मलेच जागा नाई. मांग पाहू."

मागून काही झालं नाही. धुरपता तळ्याच्या पाळीजवळ एक खोपटं घालून राहिली. गँगमध्ये माणसं कमी होती, त्यामुळे गिट्टी फोडायला बाया घेत. ती तिथे लागली. पावसाळ्यात धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, जाई. वच्छला कधी खेळत खेळत तिच्याकडे येई, आत्या आत्या करी, आणि अंधार पडू लागला की मायकडे धावत जाई. भावाशी धुरपता बोलत नसे. कामावर त्याने "तिकडची गिट्टी इकडे टाक" म्हटलं की टाकी. तेवढंच.

जंगलातून ओंडके येऊ लागले तशी जुन्या लाइनीची दैना वाढली. नवी लाइन पक्की होती, पण तिच्यावरचा सगळा बोजा शेवटी जुन्याच सिलपाटांवरून पुढे जात होता. मुकादमालाच नव्हे, रस्त्याने जाणाऱ्या गुराख्यालाही ते दिसत होतं. ओंडक्यांची गाडी आली की रूळ पाण्यासारखे हलत. अखेर एका भादव्यात, नाल्याच्या वळणावर मागचे डबे घसरले आणि कलंडले. शेवटच्या डब्यावर ब्रेक धरून बसलेला माणूस ओंडक्यांखाली सापडला. गँगने ओंडके एकेक करून हलवले. धुरपताही त्यात होती. माणूस निघाला तेव्हा जिवंत होता. ट्रॉलीवर ठेवेपर्यंत गेला.

चौकशी झाली. कोणाला तरी जबाबदार धरायचं होतं. सेवकरामची मुकादमी गेली आणि त्याला साधा गँगमन केलं. दुसऱ्या गावचा माणूस मुकादम म्हणून आला. सेवकराम त्याच्या हाताखाली पूर्वीसारखंच काम करू लागला. फक्त दुपारी जेवायला तो कडुनिंबाखाली बसेनासा झाला. लांब, लाइनीच्या उतारावर एकटा बसे.

वच्छला नऊ-दहा वर्षांची असताना विहिरीवर एका बाईशी रुख्माचं भांडण झालं. ती बाई ओरडली, "दुसऱ्याचं लेकरू दाबून बसली, अन् मले अक्कल शिकवते!" वच्छला तिथेच घागर घेऊन उभी होती. ती घरी गेली नाही, सरळ तळ्याच्या पाळीवर आली. धुरपता तांदूळ निवडत होती.

"तू माजी माय आहेस का?"

धुरपताचे हात थांबले. "कोनी सांगतलं?"

"आहेस का नाई?"

"हाव."

"मंग मले टाकून काऊन गेली?"

"टाकून नाई गेली. तठी ताप होता. तुजा बाप त्यातच गेला. नेलं असतं त तूही गेली असतीस."

"अन् आल्यावर? आल्यावर काऊन नाई नेलं?"

धुरपता पुन्हा तांदूळ निवडू लागली. रुख्माच्या डोळ्यांत तिने काय पाहिलं होतं, हे एवढ्या पोरीला कसं सांगायचं? आणि खरं तर तेवढंच कारण नव्हतं. जंगलातून ती आली तेव्हा तिच्यात कोणाला कडेवर घेण्याचं बळच उरलं नव्हतं. वच्छला घागर उचलून निघून गेली. त्यानंतरही ती येत राहिली, पण पूर्वीसारखी धावत आली नाही. हाक आत्या हीच राहिली.

तोवर मंदीचे दिवस आलेच होते. लाकूड विकेना. लाइनीजवळचं चांगलं सागवानही संपलं होतं. आठवड्याला एक गाडी जाई, मग तीही बंद झाली. रुळांवर वेली चढल्या. कंपनीने ठरवलं की जंगल लाइन उखडायची आणि तिचे रूळ आणून जुन्या लाइनीवर घालायचे. उखडण्याचं काम दुलीचंद नावाच्या ठेकेदाराला मिळालं. तो मजूर गोळा करायला गावात आला तेव्हा धुरपता पुढे झाली.

रुख्माने तिला विचारलं, "तठी कायले जातेस आता?"

"काम आहे," ती म्हणाली.

खिळे काढायचे, रूळ सुटे करायचे, चिमट्यांनी धरून डब्यात चढवायचे. रूळ माणसं उचलत, बाया सिलपाट ओढत. काम शेवटच्या टोकाकडून सुरू झालं आणि मागे मागे येत होतं. म्हणजे पूर्वी झोपड्या जशा पुढे गेल्या होत्या, तशाच आता परत येत होत्या. कवडूला जिथे पुरलं त्या भागात काम पोचलं त्या दिवशी तिने दुलीचंदला सुट्टी मागितली.

"क्यों? बुखार है?"

"नाई. माजा मानूस अठी गाडला आहे. पाहून येतो."

दुलीचंद वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "जाओ बाई, शाम तक आ जाना."

तिने भरावाची एक बाजू पूर्ण पाहिली, मग दुसरी. दगड होते. पुष्कळ होते. पावसाने भराव खचून काही खड्ड्यांत गेले होते, काहींवर झुडपं वाढली होती. कोणता आपला, हे तिला सांगता येईना. एका दगडाजवळ ती बसली. मग वाटलं, हा नसावा, आणि उठून दुसऱ्याजवळ बसली. शेवटी खड्ड्यातलं पाणी ओंजळीत घेऊन तिने त्या सगळ्या कडेवर थोडं थोडं शिंपडलं आणि कामावर परत गेली.

रूळ स्टेशनवर उतरवले गेले. पूर्वी जिथे थप्प्या होत्या तिथेच पुन्हा थप्प्या लागल्या. एके दिवशी धुरपता तिथून जात असताना सेवकराम एका रुळावर अंगठा फिरवत बसलेला दिसला. त्याचे केस पांढरे झाले होते. तिला पाहून तो म्हणाला, "नव्यासारखेच आहेत. फार घासले नाई."

"वापरलेच किती?" ती म्हणाली. कितीतरी वर्षांनी ती कामाव्यतिरिक्त त्याच्याशी बोलली होती.

त्याने मान खाली घातली. "धुरपते, तवा मी कवडूचं नाव घेतलं नसतं त..."

"त दुसऱ्या कोनाचं घेतलं असतं. त्याच्याही घरी बायको होती."

तो रडू लागला. ती तिथे थांबली नाही, पण लगेच निघूनही गेली नाही. थोडी पुढे जाऊन, पाठ करून उभी राहिली, त्याचं रडणं थांबेपर्यंत.

त्या उन्हाळ्यात वच्छलाचं लग्न झालं, कामठ्याकडच्या एका शेतकरी घरात. माणसं बरी होती, धानाची चार बांध्यांची शेती होती. मांडवात कन्यादानाला सेवकराम आणि रुख्मा बसले. धुरपता विधवा, ती मागच्या अंगणात बायांबरोबर तांदूळ निवडत होती. वऱ्हाड निघताना वच्छला रुख्माच्या गळ्यात पडून रडली. मग मागे आली, धुरपताच्या पाया पडली. धुरपताने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला तांदळाचा कोंडा लागलेला होता, तो पोरीच्या केसांना लागला. तिने तो पुसायला हात उचलला, तोवर कोणीतरी नवरीला हाक मारली.

दिवाळीनंतर जुन्या लाइनीचं काम सुरू झालं. एकदाचे नवे सिलपाट आले, जंगलातले रूळ आले. सेवकराम म्हातारपणीही तरण्या माणसासारखा राबत होता. डब्यातून रूळ उतरवताना एका बाजूचा चिमटा सुटला. रूळ घसरत आला आणि त्याचा एक पाय गुडघ्याखाली चेचला. गोंदियाला नेलं, तिथे पाय कापला. तो जगला. कुबडी घेऊन परत आला तेव्हा नोकरी गेली होती, आणि नोकरीबरोबर कंपनीने दिलेली राहती खोलीही.

रुख्मा भांडी टोपल्यात भरून ओसरीवर बसली होती. कुठे जायचं, हे तिला माहीत नव्हतं. धुरपता आली, टोपलं उचललं आणि म्हणाली, "चाल." सेवकराम कुबडी टेकत मागे आला. खोपट्यात तिघं राहू लागली. बाया दोघी कामाला जात. तो दारात बसून दोर वळे. त्या घरात फार बोलणं नव्हतं आणि भांडणही नव्हतं.

लाइन नवी झाल्यावर गाड्या वेगाने धावू लागल्या. वेग आला तशी बारक्या स्टेशनांची गरज उरली नाही. ते स्टेशन बंद झालं, टिनाचं छप्पर उतरवून नेलं. सेवकराम दारात बसून गाड्या पाही. गाडी आली की तो कान देऊन ऐके. रुळांचा आवाज चांगला येतो, म्हणे. लढाई सुरू झाली त्या वर्षी तो गेला. धुरपताने त्याला शेवटचं पाणी पाजलं. माफ केलं का, असं रुख्माने तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मले नाई समजत, वयनी. पानी त पाजलं."

रुख्मा आणखी काही वर्षं होती. लढाई संपून राज्य बदलायच्या गोष्टी सुरू झाल्या त्या हिवाळ्यात ती छातीच्या दुखण्याने गेली. वच्छला तेराव्याला आली. आता ती दोन लेकरांची आई होती, अंगाने भरली होती, बोलणं तुटक होतं. विधी झाले, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी तिने धुरपताची दोन लुगडी आणि तवा एका बोचक्यात बांधला.

"हे काय करून राहिलीस?" धुरपताने विचारलं.

"माज्याकडे चाल. अठी एकटी काय करशील?"

"तुजे सासरचे काय म्हनतील?"

"म्हनून झालं त्याइचं. मी भांडून आली आहो."

धुरपता थोडा वेळ खोपट्यात इकडेतिकडे बघत राहिली. न्यावं असं काही दिसलं नाही. ती बाहेर आली, दार ओढून घेतलं, कडी नव्हती म्हणून दोरीने बांधलं.

गाडी तिथे थांबत नव्हती. सौंदडपर्यंत चालत जायचं होतं. दोघी लाइनीनेच निघाल्या, वच्छला पुढे बोचकं घेऊन, धुरपता मागे. तिला दम लागत होता आणि सिलपाटांवरून पाऊल टाकताना ती अडखळत होती. वच्छला दर थोड्या वेळाने थांबे, मागे न पाहताच, आणि पावलांचा आवाज जवळ आला की पुन्हा चालू लागे. वळणाजवळ गँग काम करत होती. सगळी तरणी पोरं, धुरपताला ओळखणारं त्यांत कोणी नव्हतं. त्यांच्या मुकादमाने लांबूनच झेंडी हलवून आरडाओरड केली, "ए बाई, खाली उतरा! गाडी येऊन राहिली, दिसत नाई का?"

वच्छलाने हात पुढे केला. धुरपता तो धरून भरावावरून उतरली, आणि दोघी धानाच्या कापलेल्या बांधीत, शेताच्या कडेच्या धुऱ्याला टेकून, गाडी जाईपर्यंत उभ्या राहिल्या.